स्त्रियांसाठी ख्रिस्ती व्यसनमुक्ती निवास: निवडण्यापासून घरी परतण्यापर्यंत

व्यसनात अडकलेली बाई मदत मागायला सहसा उशिरा येते. पुरुष प्यायला तर ‘पितो’ एवढंच बोललं जातं. बाई प्यायली तर तिचं चारित्र्य, तिचं आईपण, तिच्या माहेरचे संस्कार सगळंच निघतं. म्हणून ती लपवते, आणि लपवण्यात वर्षं जातात. शरीर मात्र तेवढी सवड देत नाही. स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूचं रक्तातलं प्रमाण तिच्यात जास्त होतं आणि यकृताचं नुकसान कमी वर्षांत होतं. पहिल्या घोटापासून गंभीर व्यसनापर्यंतचा प्रवासही स्त्रियांमध्ये अनेकदा लवकर होतो.

हा लेख अशा स्त्रीसाठी आहे आणि तिच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या बहिणीसाठी, आईसाठी, नवऱ्यासाठी, मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, मैत्रिणीसाठीही आहे. ख्रिस्ती निवासी केंद्र म्हणजे जिथे स्त्रिया काही महिने एकत्र राहतात, व्यसनाशिवाय दिवस काढायला शिकतात, समुपदेशन घेतात, घरकाम वाटून करतात आणि प्रार्थना, उपासना, पवित्र शास्त्राचा अभ्यास हा ज्यांच्या दिनक्रमाचा कणा असतो असं घर. अशी घरं फार चांगलीही असतात आणि फार वाईटही. दोन्हीकडे भिंतीवर वचनं टांगलेली असतात, त्यामुळे नुसतं बघून फरक कळत नाही. कोणतंही केंद्र पारखताना मी दोन गोष्टी धरून चालते: इथे श्रद्धा औषधाच्या आड येते का, आणि इथे राहून तिची लाज कमी होणार आहे की वाढणार आहे. पुढची प्रत्येक पायरी या दोन प्रश्नांना जोडलेली आहे.

पायरी १: केंद्राच्या आधी डॉक्टर

घाई इथेच होते. ‘हो, जाते’ असं ती एकदाची म्हणते, आणि तिचं मन फिरायच्या आत घरचे तिला गाडीत बसवून थेट केंद्रात नेऊन सोडतात. भावना समजते, पण काही नशा अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं.

दारूचं आधी पाहू. बरीच वर्षं रोज पिणाऱ्या बाईला शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या, धडधड आणि बेचैनी सुरू होते. फिट येण्याचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत असतो. सगळ्यात गंभीर अवस्था, जिला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, ती बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात येते. ताप चढतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही. उपचार मिळाले नाहीत तर यात मृत्यू होतो. पूर्वी कधी दारू सोडताना फिट आली असेल तर पुन्हा येण्याची शक्यता जास्त, आणि ही गोष्ट डॉक्टरांना सांगायलाच हवी. रुग्णालयात या दिवसांसाठी योग्य औषधं असतात, आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व दिलं जातं, कारण त्याच्या कमतरतेने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे काम नुसत्या प्रार्थनेच्या खोलीत होत नाही. खाटेशेजारी बसून प्रार्थना जरूर करा, पण ती खाट रुग्णालयाची असू द्या.

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांचं प्रकरण स्त्रियांमध्ये फार आढळतं आणि फार कमी बोललं जातं. अल्प्राझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम या गोळ्या कधीतरी डॉक्टरांनीच थोड्या दिवसांसाठी दिलेल्या असतात आणि मग वर्षानुवर्षं चालू राहतात. घरच्यांना कळतं तेव्हा ते रागाने सगळी पाकिटं फेकून देतात. तसं करू नका. या गोळ्या अचानक बंद केल्या तरी फिट येऊ शकते. त्या आठवड्यांच्या, कधी महिन्यांच्या हिशेबाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवाव्या लागतात.

हेरॉइन, ट्रामाडोल, कोडीन यांसारख्या अफूवर्गीय पदार्थांचा त्रास एरवी जीवघेणा नसला तरी भयंकर असतो. जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी जातं, अंग मोडून येतं, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत त्रास कळसाला पोचतो. ती गर्भवती असेल तर नियमच बदलतो. गरोदरपणात ही नशा एकदम तोडायची नसते. डॉक्टर मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या तलफ आवरणाऱ्या औषधांवर आणून तिला आणि बाळाला स्थिर ठेवतात. जन्मानंतर बाळाला काही दिवस त्रास होऊ शकतो, पण त्यावर उपचार आहेत. म्हणून जाण्याआधी गर्भचाचणी कराच. नशेमुळे पाळी महिनोन्‌महिने बंद असते आणि ‘आता दिवस राहणार नाहीत’ असा तिचा समज झालेला असतो. तो खोटा ठरतो.

सुई वापरली असेल तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या चाचण्याही करून घ्या. हिपॅटायटिस सी आज बहुतेकांमध्ये ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, तेव्हा निदानाला घाबरून चाचणी टाळण्यात अर्थ नाही. नैराश्य, आधीचा आत्महत्येचा प्रयत्न, घरात होणारी मारहाण हेही डॉक्टरांना तिने एकटीत सांगावं. नवरा शेजारी बसलेला असताना ती सांगणार नाही, तेव्हा त्याला बाहेर थांबायला सांगण्याचं काम तुम्ही करा.

निघताना डॉक्टरांकडून एक कागद लिहून घ्या: कोणता पदार्थ, किती, शेवटचा कधी घेतला, चालू औषधं आणि त्यांचे डोस, कशाची ॲलर्जी आहे, आणि तब्येत बिघडली तर कुठे न्यायचं. केंद्राने हा कागद मागितला तर चांगली खूण. ‘इथे असल्या कागदांची गरज नाही, प्रभू बरं करतो’ असं उत्तर आलं तर तिथूनच मागे फिरा.

पायरी २: केंद्राची घडण समजून घ्या

सगळी ख्रिस्ती केंद्रं एका साच्यातली नसतात. व्यसनाच्या विळख्यातल्या माणसांमध्ये चर्चचं काम जुनं आहे. विल्यम आणि कॅथरिन बूथ यांनी १८६५ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या कामातून मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) उभी राहिली. १८७७ मध्ये जिनिव्हात लुई-लुसियाँ रोशा या पाळकांनी दारूग्रस्तांसाठी ब्लू क्रॉस सुरू केला. आजच्या केंद्रांमध्ये मात्र ढोबळमानाने दोन प्रवाह दिसतात.

एक प्रवाह बारा पायऱ्यांचा, म्हणजे व्यसनातून बाहेर पडताना क्रमाने करायच्या बारा गोष्टींचा. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हा दारू सोडणाऱ्यांचा स्वमदत गट सुरू झाला आणि १९३९ मध्ये त्यांच्या पुस्तकात बारा पायऱ्या छापल्या गेल्या. त्यांची मुळं ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत होती, पण भाषा मुद्दाम मोकळी ठेवली: देव, जसा ज्याला समजेल तसा. कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चमध्ये १९९१ मध्ये सुरू झालेल्या सेलिब्रेट रिकव्हरीने त्याच पायऱ्या पुन्हा उघडपणे येशूशी आणि शास्त्रवचनांशी जोडल्या. दुसरा प्रवाह शिष्यत्वाचा. डेव्हिड विल्करसन यांनी न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेलं टीन चॅलेंज हे त्याचं ठळक उदाहरण. इथे व्यसनाकडे मुख्यतः आध्यात्मिक बंधन म्हणून पाहिलं जातं, मुक्काम लांब असतो आणि दिवसाचा मोठा भाग वचन, उपासना आणि काम यात जातो.

दोन्हीतून स्त्रिया बऱ्या झाल्या आहेत. पण फरक माहीत असला की प्रश्न नेमके विचारता येतात. पहिल्या प्रकारात विचारा, समुपदेशक प्रशिक्षित आहेत का, की फक्त सभा होतात. दुसऱ्या प्रकारात विचारा, मानसोपचार आणि औषधं यांना जागा आहे का.

औषधांचा प्रश्न आडवळणाने विचारू नका. ‘तिला नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत, त्या इथे मिळतील का? ती ब्युप्रेनॉर्फिनवर आहे, तुम्ही घ्याल का?’ काही ठिकाणी उत्तर येतं की ही एक नशा सोडून दुसरी धरण्यासारखी गोष्ट आहे. मला हे उत्तर मान्य नाही. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, आणि ती घेणाऱ्यांमध्ये अतिमात्रेने (ओव्हरडोसने) मरण्याचं प्रमाण स्पष्टपणे कमी असतं. एखादी बाई त्या औषधावर स्थिर असेल तर केवळ खाट मिळावी म्हणून ते बंद करू नका, दुसरं केंद्र शोधा. ज्याच्या नावाचं शुभवर्तमान आहे त्या लूकला प्रेषित पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. औषधाला अविश्वास म्हणणाऱ्यांना हे जरूर आठवून द्यावं.

आता लाजेचा प्रश्न. तो भेटीत डोळ्यांनी आणि कानांनी तपासायचा असतो. तिथल्या स्त्रियांबद्दल कर्मचारी कसं बोलतात ते ऐका. ‘आमच्याकडे असल्या बायका येतात’ हा सूर आला की समजा. शिक्षा काय असते ते विचारा. सगळ्यांसमोर उभं करून पाप कबूल करायला लावणं, उपास लादणं, मुलांची भेट रोखणं या गोष्टी कोणी शिस्त म्हणून सांगत असेल तर ती शिस्त नव्हे, अपमान आहे. जिचं अर्धं आयुष्य अपमान विसरण्यासाठी नशा करण्यात गेलं, तिच्यावर आणखी अपमानाचा उपाय चालणार नाही.

आणखी काही गोष्टी स्पष्ट आणि शक्यतो लेखी विचारा:

- दार बाहेरून बंद असतं का? तिला सोडून जायचं असेल तर काय पद्धत आहे? एक-दोन दिवस थांबून बोलायला सांगणं ठीक. कागदपत्रं किंवा फोन परत न देणं अजिबात ठीक नाही.
- रात्री कोण असतं? स्त्रियांच्या निवासात रात्रपाळीला स्त्रीच हवी. पुरुष पाळक किंवा समुपदेशक एकट्या बाईला बंद खोलीत भेटतात का, हेही विचारा.
- तक्रार करायची तर संचालकांच्या बाहेर कोणाकडे? ‘आमच्याकडे तक्रारी येतच नाहीत’ हे उत्तर धोक्याचं आहे.
- काम किती तास, कोणासाठी? स्वयंपाक, झाडलोट, बाग हे सगळं उपचाराचा भाग होऊ शकतं. पण दिवसभर विकण्याच्या वस्तू बनवायच्या आणि समुपदेशनाला वेळच नाही, असं असेल तर तो कारखाना आहे.
- फी किती, कशाची, आणि ती मध्येच निघाली तर परत काय मिळतं?
- ती ख्रिस्ती नसेल किंवा तिचा विश्वास डळमळीत असेल तर? प्रामाणिक केंद्र सांगतं की उपासनेला बसावं लागेल, पण बाप्तिस्मा किंवा धर्मांतर ही अट नाही.

फोटो आणि साक्ष, म्हणजे आपल्या बदलाची सगळ्यांसमोर सांगितलेली गोष्ट, यांबद्दल वेगळं सांगते, कारण कोणी विचारत नाही. पुष्कळ केंद्रं देणग्यांवर चालतात आणि देणगीदारांना बदललेल्या आयुष्यांच्या कथा हव्या असतात. त्यात गैर काही नाही. पण महिनाभरापूर्वी आलेली बाई स्टेजवर उभी राहून आपल्या आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र सांगते आणि त्याचा व्हिडिओ इंटरनेटवर कायमचा राहतो, तेव्हा पुढे तिची मुलं तो बघणार आहेत, नोकरी देणारा बघणार आहे. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये फोटोची संमती आपोआप धरलेली असेल तर ती ओळ खोडून सही करा. नाही म्हटल्यामुळे तिची जागा गेली तर ती जागा सोडण्यासारखीच होती.

पायरी ३: तिला बोलू द्या

केंद्राशी पहिला फोन शक्यतो तिचा असावा. नंबर तुम्ही शोधा, शेजारी बसा, पण बोलायचं तिने. चांगलं केंद्रही तसाच आग्रह धरतं आणि ‘तुम्हाला स्वतःला यायचं आहे का?’ असं तिलाच विचारतं. तिचं उत्तर ‘माहीत नाही’ असलं तरी चालतं. येताना पूर्ण तयारी असलेली बाई मी क्वचितच पाहिली आहे. मात्र फसवून, गुंगीचं औषध देऊन किंवा ‘दोन दिवसांसाठी पाहुण्यांकडे जाऊ’ असं सांगून आणलेली बाई पहिल्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून झोपते. तिचा विश्वास मिळवायलाच मग कित्येक आठवडे जातात.

तिच्या मनात नेमकी कशाची भीती आहे ते शोधा. पुष्कळदा ती नशेशिवाय जगण्याची नसते. मुलं कोण सांभाळणार, नवरा दुसरी बाई घरात आणेल का, ऑफिसात काय सांगू, अशी ती असते. एकेका भीतीला एकेक उत्तर शोधलं की ‘नाही’ चं ‘हो’ होतं.

पायरी ४: जाण्याआधीचे दिवस

सगळ्यात मोठा विषय मुलांचा. काही केंद्रं लहान मुलांना आईसोबत घेतात. घेत असतील तर वयाची मर्यादा, आई समुपदेशनात असताना मुलाकडे कोण बघतं, शाळेचं काय, हे विचारा. मूल घरी राहणार असेल तर कोणाकडे राहणार हे आईला मान्य असलं पाहिजे. तिच्या पाठीमागे ठरवू नका. मुलांच्या ताब्यावरून वाद होण्याची शक्यता असेल तर निघण्याआधी वकिलाशी बोला. उपचारासाठी जाणं तिच्याविरुद्ध वापरलं जाऊ नये म्हणून कोणते कागद लागतील ते तेव्हाच कळतं.

मुलांना खोटं सांगू नका. ‘आई कामाला गेली’ म्हटलं तर रोज संध्याकाळी ती दाराकडे बघत बसतात. वयाला झेपेल इतकं खरं पुरतं: आई आजारी आहे, बरी व्हायला गेली आहे, तुझ्यामुळे आजारी पडलेली नाही, आणि ती तुला पत्र पाठवणार आहे. ‘तुझ्यामुळे नाही’ हे पुन्हा पुन्हा सांगा. व्यसनी घरातली मुलं दोष स्वतःकडे घेतात, कोणी तसं म्हटलेलं नसतानाही.

सामानात ओळखपत्रं, डॉक्टरांचा कागद, मूळ पाकिटातली औषधं, आरामाचे कपडे, सॅनिटरी पॅड, वाचायचा चष्मा, मुलांचे फोटो एवढं पुरे. मद्यार्क असलेला माउथवॉश, परफ्यूम आणि खोकल्याची औषधं घरीच ठेवा, बहुतेक ठिकाणी ती काढूनच घेतात. फोन सुरुवातीला जमा करून घेण्याची पद्धत आहे आणि ती मला पटते, कारण नशा पुरवणाऱ्यांचे नंबर त्याच फोनमध्ये असतात. पण मूल, डॉक्टर आणि वकील यांच्याशी बोलण्याची वाट उघडी राहिली पाहिजे. महत्त्वाचे नंबर कागदावर उतरवून द्या.

कर्ज, हप्ते, घरभाडं यांची यादी करून एका विश्वासू माणसाकडे सोपवा. सगळं निस्तरायची गरज नाही, पण तिसऱ्या आठवड्यात ‘बँकेचा माणूस दारात आला’ असा निरोप तिच्यापर्यंत पोचू नये.

पायरी ५: पहिले दोन-तीन आठवडे

पवित्र शास्त्रातल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलिया हा संदेष्टा जिवाला कंटाळून झुडपाखाली आडवा होतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. त्याला उठवतो, भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, पुन्हा त्याला खायला मिळतं. देव त्याच्याशी बोलतो ते फार नंतर. स्त्रियांसाठी असं घर चालवणाऱ्या प्रत्येकाने हा क्रम पाळावा असं मला मनापासून वाटतं: जेवण, झोप, आंघोळ, स्वच्छ अंथरूण, आणि मग बोलणं.

या काळात झोप तुटक असते, काहींना ती महिन्यांनी सुरळीत होते. तलफ लाटेसारखी येते, चढते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. हे तिला आधी सांगून ठेवलं तर ‘मला हे कायमच सहन करावं लागणार’ ही भीती जाते. रडू येतं, चिडचिड होते, सुन्नपणा येतो. प्रार्थनेत काहीच जाणवत नाही आणि तिला वाटतं देवानेही टाकलं. नशेने थकलेल्या मेंदूला आनंदाची जाणीव परत यायला वेळ लागतो, हे शरीराचं कारण तिला समजावून सांगा. तिच्या विश्वासावर ठपका ठेवू नका.

‘मला घरी न्या’ हा फोन बहुतेक याच काळात येतो. तयार राहा. ऐकून घ्या, आणि मारहाण, स्पर्श, उपासमार, औषध नाकारणं यांपैकी काही घडतंय का ते नेमकं विचारा. त्यातलं काही असेल तर त्याच दिवशी आणायला जा. नसेल, नुसतं असह्य होत असेल, तर ‘आजचा दिवस काढ, उद्या पुन्हा बोलू’ म्हणा आणि उद्या खरंच बोला.

पायरी ६: मधले महिने

अमेरिकेतल्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेने उपचारांची जी तत्त्वं मांडली आहेत, त्यांत ९० दिवसांपेक्षा कमी काळाच्या निवासी उपचाराचा परिणाम मर्यादित असतो असं म्हटलं आहे. तेव्हा महिन्याभरात ‘आता छान दिसतेय’ म्हणून घरी आणू नका. चेहऱ्यावर तेज आधी येतं, सवयी नंतर बदलतात.

खरं काम इथेच होतं आणि ते सोपं नाही. व्यसनी स्त्रियांमध्ये लहानपणी किंवा लग्नात अत्याचार सोसलेल्यांचं प्रमाण फार मोठं आहे. नशा उतरली की दाबून ठेवलेलं वर येतं. अशा वेळी आघातावर काम करायला शिकलेली समुपदेशक हवी, नुसती प्रेमळ वडीलधारी बाई पुरत नाही. केंद्रात तशी व्यक्ती नसेल तर बाहेरून बोलावण्याची तयारी आहे का, ते पाहा.

आणि मग क्षमेचा विषय येतो. ख्रिस्ती घरात तो येणारच, यायलाही हवा. पण तिला मारणाऱ्या, तिला नशेला लावणाऱ्या माणसाला ‘क्षमा कर आणि परत जा’ असं एका श्वासात सांगितलं जातं, तेव्हा मला त्याची चीड येते. क्षमा करणं ही तिच्या आणि देवाच्या मधली गोष्ट आहे, तिला तिचा वेळ लागेल. त्या माणसाच्या घरात पुन्हा राहायला जाणं हा सुरक्षिततेचा निर्णय आहे आणि तो वेगळा घ्यायचा असतो. कोणाला किती क्षमा केली यावर तिची प्रगती मोजू नका. बारा पायऱ्यांमधली नववी पायरीही, जी आपण दुखावलेल्यांची भरपाई करायला सांगते, ती कोणाला इजा होणार असेल तिथे थांबायला सांगते.

कबुलीचंही तसंच. त्या बारांतल्या पाचव्या पायरीत आपल्या चुका देवासमोर, स्वतःसमोर आणि एका माणसासमोर मांडायच्या असतात. एका माणसासमोर, भरलेल्या सभेसमोर नव्हे. तो माणूस निवडायचा हक्क तिचा.

एखादं कौशल्य, शिवणकाम, संगणक, बेकरी, अपुरं राहिलेलं शिक्षण यांतलं काहीतरी या महिन्यांत सुरू व्हावं. स्वतःची कमाई नसलेली बाई बरी होऊनही त्याच माणसाच्या हाताकडे बघत राहते.

घसरण झाली तर? सुट्टीवर गेली आणि प्यायली, असं होतं. ज्या केंद्रात त्यावर एकच उत्तर आहे, ‘निघ’, तिथे बायका खरं सांगणं बंद करतात. बरं करणारं केंद्र आधी तिची तब्येत तपासतं, काय घडलं ते तिच्याकडून समजून घेतं आणि योजना बदलतं. इतरांची सुरक्षितता धोक्यात आणणारं काही घडलं असेल, उदाहरणार्थ आत नशा आणून वाटणं, तर तिला हलवावं लागतं, पण तेही दुसरी जागा शोधून दिल्यावर.

पायरी ७: घरच्यांनी काय करायचं

ती आत असताना घरही बदललं पाहिजे. घरातली दारू बाहेर काढा, ‘फक्त पाहुण्यांसाठी’ असलेलीही. नवरा पीत असेल तर त्यानेही उपचार घ्यावेत, नाहीतर ती कुठे परतणार याचा दुसरा विचार करा. व्यसनी माणसाच्या कुटुंबीयांसाठी १९५१ पासून अल-ॲनॉन या गटाच्या सभा होतात. त्यांचं मुख्य सांगणं असं की हे व्यसन तुम्ही लावलेलं नाही, तुमच्या ताब्यात नाही आणि तुमच्या हातून बरंही होणार नाही. आयांना हे ऐकताना रडू येतं आणि मग थोडं हलकं वाटतं.

भेटीला जाताना तक्रारींची वही घेऊन जाऊ नका. मुलाच्या हातचं एक चित्र न्या.

पायरी ८: बाहेर पडताना

सर्वांत धोकादायक काळ हा आहे, आणि केंद्रं निरोप समारंभाच्या आनंदात इथेच ढिली पडतात. अफूवर्गीय नशा महिनोन्‌महिने न घेतल्याने शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वी जी मात्रा रोज झेपत होती, तीच आता श्वास थांबवू शकते. बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अतिमात्रेचे मृत्यू जास्त होतात ते यामुळे. हे तिला आणि घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगितलं पाहिजे. सांगितल्याने मोह वाढत नाही. नॅलोक्सोन हे अतिमात्रा उलटवणारं औषध मिळत असेल तर ते घरात ठेवा आणि वापरायला शिका. पाळी परत सुरू झालेली असते, म्हणून गर्भनिरोधनाबद्दलही डॉक्टरांशी बोलणं व्हावं.

निघण्याच्या किमान महिनाभर आधी हे ठरलेलं असावं: कुठे राहणार, पुढची समुपदेशनाची वेळ कधी, कोणत्या सभेला जाणार, औषधं कुठून मिळणार, दिवसभर काय करणार, आणि तलफ आली तर पहिला फोन कोणाला. घरी जाणं सुरक्षित नसेल तर मधल्या टप्प्याचं निवासस्थान शोधा, जिथे तीन-चार जणी एकत्र राहून कामाला जातात. एकदम एकटीला खोली घेऊन देऊ नका.

दारूसाठी डायसल्फिराम, म्हणजे वर दारू प्यायल्यास त्रास होणारी गोळी, सुरू असेल तर ती तिच्या माहितीने आणि संमतीनेच द्यायची. जेवणात मिसळून देणं फसवणूक तर आहेच, शिवाय त्या अवस्थेत ती प्यायली तर जिवाला धोका आहे.

मंडळीने काय करायचं तेही केंद्राने निघण्याआधी पाळकांशी बोलून ठरवावं. तिच्यासाठी एक-दोन स्त्रिया नेमाव्यात, ज्या आठवड्यातून एकदा फोन करतील आणि तिची गोष्ट पुढे सांगणार नाहीत. प्रार्थनासभेत ‘आपल्या एका बहिणीसाठी, जी नुकतीच व्यसनातून’ अशी प्रार्थना नको, सगळ्यांना कळतं कोणाबद्दल आहे. मुलांच्या वर्गाला मदत, गायनमंडळ, हिशेब, तिला जे येतं ते काम तिला द्या, पण पहिल्याच महिन्यात व्यसनमुक्ती सेवेची प्रमुख करू नका.

प्रभुभोजनात द्राक्षारस मद्ययुक्त असेल तर तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या न बोलणाऱ्या इतरांसाठी बिनमद्याचा रस ठेवा. थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९ मध्ये द्राक्षांचा रस न आंबता टिकवण्याची पद्धत काढली ती नेमकी प्रभुभोजनासाठीच. रस सगळ्यांनाच द्या, म्हणजे कोणाला वेगळा पेला मागावा लागणार नाही. आणि केंद्राला निघताना एवढं लेखी विचारून घ्या: पुन्हा घसरली तर किती दिवसांत खाट मिळेल, फोन कोणाला करायचा, आणि तेव्हा तिला पहिल्यापासून सगळं सुरू करावं लागेल की जिथे होती तिथून.